अडगळीची अडत

बदलापूर पूर्वेच्या किंवा अंबरनाथच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात राहणाऱ्या वाचकांना पुढील मजकूर अपरिचित नसेल. रहिवाशांच्या मोबाइलवरील गटात कोणीतरी लिहिते : ‘घरातील नको असलेल्या वस्तू ऑनलाइन विकून देऊ. विकली गेली तरच टक्केवारी. न विकल्यास काही नाही.’ लिहिणारी व्यक्ती बहुधा एखादी नोकरी सुटलेली तरुणी असते, लोकलची दगदग न झेपणारा पन्नाशीचा गृहस्थ असतो, किंवा पदवी हाती घेऊन दोन वर्षे अर्ज करीत बसलेला मुलगा असतो. त्याच्यापाशी दुकान नाही, गोदाम नाही, भांडवल नाही. एक मोबाइल, थोडी चिकाटी आणि शेजारपाजाऱ्यांचा विश्वास एवढ्यावर हा धंदा चालतो. दुसऱ्याची वस्तू, तिसऱ्याचे गिऱ्हाईक आणि मधल्याची टक्केवारी असे त्याचे स्वरूप आहे. याकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, असा प्रश्न आमच्या काही तरुण साथींनी विचारला आहे. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो, परंतु तो तसा नाही.

आपल्या चळवळीत ‘दलाल’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो, आणि त्याला सबळ कारण आहे. शेतमालाच्या बाजारात अडत्याने काय केले हे महाराष्ट्राला शिकवावयास नको. माल शेतकऱ्याचा, घाम शेतकऱ्याचा आणि पट्टी मात्र अडत्याच्या हातची. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जावी असा निर्णय केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला. त्या निर्णयाचे आपण स्वागत केले. तथापि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट तेव्हाही ठाऊक होती. अडत कोणाच्या पट्टीतून कापली जाते यावरून ती प्रत्यक्षात कोण सोसतो हे ठरत नाही. ज्याच्यापाशी थांबण्याची ताकद नाही तो ती सोसतो. टोमॅटो उद्या सडणार असेल तर आजची अडत कागदावर कोणाच्याही नावे लिहा, ती टोमॅटोवाल्याच्याच माथी बसते. थांबण्याची ताकद ही या लेखाची किल्ली आहे, म्हणून ती आरंभीच वाचकांच्या हाती देऊन ठेवतो.

आता ही अडगळीची अडत ज्या भूमीवर उभी राहते आहे ती भूमी पाहू. उल्हासनगर हे शहरच मुळी ज्यांना आपले सारे घरदार मागे टाकून यावे लागले त्यांनी वसविलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधील निर्वासितांना आणून ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्पांचे क्रमांक आजही पत्त्यात राहिले आहेत. लोकलच्या डब्यात पापड आणि गोळ्या विकण्यापासून सुरुवात केलेल्या त्या लोकांनी फर्निचरचा, कापडाचा आणि जीन्सचा बाजार उभा केला. ‘मेड इन यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा विनोद करून आपण मध्यमवर्गीय मराठी माणसे बरीच वर्षे हसलो. त्या हसण्यात व्यापाराविषयीचा तिटकारा होता तितकाच स्वतःच्या नोकरदार सुरक्षिततेचा अहंकारही होता. आज ती सुरक्षितता गेली आहे. एके काळी अंबरनाथला विम्कोची काडेपेटी बनत असे आणि कामगाराचा मुलगा कामगार होईल हे गृहीत धरले जात असे. तसे गृहीत धरणारे घर आता शोधावे लागेल. बदलापूरची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होती. २०११ साली ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर आहेत. मुंबईत परवडत नाही म्हणून येथे आलेला माणूस रोज सुमारे ६८ किलोमीटर जातो आणि तितकेच परत येतो. त्याचे घर लहान आहे, हप्ता मोठा आहे, आणि मुंबईच्या चाळीतून आणलेले आईवडिलांचे सामान त्या घरात मावत नाही. अडगळ ही अशी निर्माण होते.

ही अडगळ पूर्वी कोठे जात असे? जुने कपडे बोहारणीकडे जात. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारच्या वेळी दारी येई, आणि तीन साड्या व एका पँटच्या बदल्यात पातेले द्यावयाचे की डबा, यावर घरातील बाईशी तासभर तिची घासाघीस चाले. वर्तमानपत्रे रद्दीवाल्याकडे आणि लोखंड, पत्रा, बाटल्या भंगारवाल्याकडे जात. ही सारी माणसे उपयोगी काम करीत आली आहेत आणि आजही करतात. परंतु भंगारवाल्याच्या तराजूला एक मर्यादा आहे. तो वस्तूचे वजन करतो, उपयोग मोजत नाही. चालू स्थितीतील शिवणयंत्र त्याच्या लेखी इतके किलो बीड असते. तो अप्रामाणिक असतो असे नव्हे. त्याच्या साखळीच्या पुढच्या टोकाला भट्टी आहे, आणि भट्टीला शिवणयंत्र व तुटका पंखा यांतला भेद कळत नाही.

येथे स्वतःचा अनुभव सांगणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखकाने निवृत्तीनंतर अंबरनाथचे जुने घर सोडून बदलापुरात लहान जागेत बिऱ्हाड हलविले. एक लोखंडी कपाट, पत्नीचे पायाचे शिवणयंत्र, पुस्तकांची दोन लाकडी कपाटे आणि जेवणाचे टेबल एवढ्या गोष्टी उरल्या. भंगारवाल्याने सर्वांचे मिळून २,३०० रुपये सांगितले. खालच्या मजल्यावरील एक वाणिज्य पदवीधर मुलगी, जिने आईच्या आजारपणामुळे मुंबईची नोकरी सोडली होती, ती म्हणाली, ‘सर, मला महिनाभर द्या.’ २० टक्के अडत ठरली. पाच आठवड्यांत लोखंडी कपाट ५,५०० रुपयांना, शिवणयंत्र ४,००० रुपयांना आणि पुस्तकांची कपाटे ५,००० रुपयांना गेली. टेबल कोणी घेतले नाही. त्याबद्दल तिने काही घेतले नाही. एकूण १४,५०० रुपयांतून तिची अडत २,९०० रुपये झाली आणि आमच्या हाती ११,६०० रुपये आले.

या आकड्यांकडे पाहून कोणी म्हणेल, ‘नुसते फोटो टाकून २,९०० रुपये!’ आम्हीही मनात तसेच म्हटले होते. म्हणून, जुन्या सवयीने, तिला हिशेब लिहून काढावयास सांगितले. वस्तू पुसणे, उजेडात नेऊन छायाचित्रे काढणे, मापे घेणे, वर्णन लिहिणे, ‘शेवटची किंमत काय?’ या एकाच प्रश्नाला शेकडो वेळा उत्तर देणे, येतो म्हणून न येणाऱ्यांची वाट पाहणे, दोनदा उल्हासनगरला जाऊन येणे, टेम्पोवाल्याशी भाडे ठरविणे, सामान जिन्यावरून उतरताना उभे राहणे; हे सारे मिळून ३१ तास झाले. पदरचे ४०० रुपये खर्च झाले. उरलेल्या २,५०० रुपयांना ३१ने भागले तर तासाला सुमारे ८० रुपये पडतात. हे तास सलग मिळत नाहीत, टेबलावर घालविलेल्या तासांचे काहीच मिळत नाही, आणि पुढच्या महिन्यात काम मिळेल याची हमी नाही. हा नफा नाही. ही मजुरी आहे, आणि तीही उक्त्या कामाची. तिला दलाली म्हणणे भाषेच्या दृष्टीने बरोबर असेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते श्रमाचे मोल आहे.

या श्रमातून निर्माण काय होते, असा पुढचा प्रश्न आहे. १९७० साली जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. २००१ साली त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे हेच विवेचन होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या वस्तूतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक वस्तू सदोष धरूनच भाव करतो. तो भाव चांगल्या वस्तूच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे निकृष्ट मालच उरतो. आपल्या भागात याचे उदाहरण शोधावयास मोटारींपर्यंत जाण्याची गरज नाही. २६ व २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली, आणि तळमजल्यांवरील घरांत पाणी शिरले. त्याआधी २६ जुलै २००५चा पूर होताच. पाण्यात बुडालेला फ्रीज वाळवून, रंगाचा हात मारून विकला तर घेणाऱ्याला काय कळणार? आणि ज्याचा फ्रीज तिसऱ्या मजल्यावर कोरडा राहिला त्याच्यावर तरी कोण विश्वास ठेवणार?

ही कोंडी मधल्या माणसाच्या शब्दाने फुटते, मात्र तो शब्द खरा असावा लागतो. आमच्या लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्याचे कुलूप बिघडलेले होते. त्या मुलीने ते जाहिरातीत लिहिले, छायाचित्रही टाकले, आणि त्यामुळे ५०० रुपये कमी आले. आम्ही कुरकुरलो. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही एकदाच विकणार. मला याच गावात रोज विकायचं आहे.’ ३५ वर्षे वर्गात बाजारपेठेचा सिद्धान्त शिकविणाऱ्याला तो एका वाक्यात समजावून सांगितला गेला. तिची अडत या विश्वासाची किंमत होती.

आणि शिवणयंत्राचे काय झाले? ते उल्हासनगरच्या एका बाईने नेले. ती घरी बसून नगावर गाऊन शिवण्याचे काम करते आणि तोवर दुसऱ्याचे यंत्र भाड्याने वापरीत होती. आमच्या घरातील अडगळ तिच्या घरात उत्पादनाचे साधन झाली. भट्टीत गेली असती तर ५०० रुपयांचे बीड झाली असती. उत्पादनाची साधने श्रमिकांच्या मालकीची व्हावीत असे आपण सभांतून आयुष्यभर सांगत आलो. त्यांतले एक साधन जिना उतरून तिच्या मालकीचे झाले, ते ज्या मुलीला काही लोक ‘दलाल’ म्हणतात तिच्या हातून झाले.

परंतु याच चित्राची दुसरी बाजू न पाहिल्यास आपण भाबडे ठरू. प्रथम भांडवलाचा विचार करू. अमेरिकेत २००३च्या सुमारास लोकांच्या वस्तू ईबे या संकेतस्थळावर टक्केवारीने विकून देणारी दुकाने जागोजाग निघाली. त्यांच्या शाखा निघाल्या, भांडवल आले, आणि काही वर्षांतच त्यांतली बरीच बंद पडली. कारण उघड आहे. कारखान्यातला हजारावा साबण पहिल्यासारखाच असतो. जुनी वस्तू मात्र प्रत्येक वेगळी असते. प्रत्येकीचे छायाचित्र वेगळे, दोष वेगळे, गिऱ्हाईक वेगळे. माल वाढविला म्हणून नगामागचे श्रम कमी होत नाहीत. जेथे श्रम वाचविता येत नाहीत तेथून भांडवल दूर राहते आणि ते काम गल्लीतल्या माणसावर सोडते. स्वतः मात्र ते वेशीवर जाऊन बसते. भारतात २००० साली सुरू झालेले बाझी हे संकेतस्थळ ईबेने २००४ साली विकत घेतले आणि २०१८ साली ते बंद झाले. ओएलएक्स २००६पासून व क्विकर २००८पासून आले. पुढे फेसबुकची बाजारपेठ आली. यांपैकी वर्गीकृत जाहिरातींच्या जागा सामान्यतः विक्रीवर टक्केवारी घेत नाहीत, म्हणून त्या ‘फुकट’ आहेत असा समज आहे. जाहिरात वर दिसावी म्हणून पैसे, ठरावीक संख्येच्या पुढे पैसे, आणि जेथे पैसे नाहीत तेथे वापरणाऱ्यांच्या साऱ्या हालचालींची नोंद. ही वेशीवरची जकातच होय. कोणाची वस्तू कोणाला दिसावी याचा नियम वेशीवर बसलेला ठरवितो आणि तो कोणाला सांगत नाही. गल्लीतली मुलगी खपली तर दोन पैसे मिळविते. वेशीवरच्याचे वस्तू खपण्या-न-खपण्यावाचून काही अडत नाही.

फसवणुकीचा धोकाही सारा खालच्यावरच आहे. स्वतःला लष्करी जवान म्हणविणारा कोणी न पाहताच वस्तू पसंत करतो आणि ‘पैसे घेण्यासाठी हा चौकोनी संकेत स्कॅन करा’ म्हणून सांगतो. संकेत स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे वाक्य प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत पाठ करून घ्यावे, आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विकावयास आलेला मोबाइल चोरीचा निघाला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मोबाइलवर *#०६# दाबले असता जो १५ आकडी क्रमांक दिसतो तो पडताळून पाहण्याची सोय दूरसंचार खात्याने केलेली आहे. ती पडताळणी केल्यावाचून दुसऱ्याचा फोन विकावयास घेऊ नये.

आता मूळ किल्लीकडे वळतो. आमच्या घरची वस्तू पाच आठवडे थांबू शकली, कारण आम्हांला निवृत्तिवेतन आहे. ज्याला थांबता येत नाही त्याचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांतून आधी पितळेची भांडी गेली, मग दागिने गेले. त्या भांड्यांना कोणी ‘नको असलेल्या वस्तू’ म्हटले नाही. २००९ साली शेजारच्या मोहने येथील एन. आर. सी. कारखान्याला टाळे लागले. कामगार वसाहतीतील घरांनी पुढची वर्षे कशी काढली असतील हे सांगण्याची गरज नाही. आज उल्हासनगरच्या एखाद्या खोलीतून शिलाई यंत्र, रिक्षावाल्याच्या घरातून मुलीचा लॅपटॉप, अंबरनाथच्या कंत्राटी कामगाराच्या घरातून धुलाई यंत्र विक्रीस निघते तेव्हा जाहिरातीत ‘जागेअभावी विकणे आहे’ असेच लिहिलेले असते. दारिद्र्यालाही लाज असते. अशा घरात मधला माणूस शिरतो तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. ‘तीन हजार लगेच देतो’ असे सांगून तो वस्तू उचलतो, सहा हजारांना विकतो आणि मधले तीन हजार खिशात घालतो. त्या क्षणी तो विकून देणारा राहिलेला नसतो. गरजवंताच्या घाईचा तो सावकार झालेला असतो. २० टक्के अडत ही मजुरी आहे असे आम्ही म्हटले. लपविलेला फरक ही लूट आहे असेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कायदाही येथे मुका नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्यात मुखत्यारीचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते गल्लीतल्या अडतीलाही लागू पडते. मालकाने मागताच हिशेब दिला पाहिजे, असे कलम २१३ सांगते. मालकाला न कळविता मधल्याने त्या व्यवहारात स्वतःसाठी लाभ उकळला तर तो लाभ मालकाला मागता येतो, असे कलम २१६ सांगते. काम पूर्ण होईपर्यंत, वेगळे काही ठरले नसल्यास, मोबदला देय होत नाही. पण मधल्याने कायदेशीरपणे केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर काही तोशीस आली तर ती भरून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. कलम २३०मधील एक बारकावा या धंद्यातील तरुणांनी अवश्य ध्यानात घ्यावा : मालकाचे नाव न सांगता व्यवहार केला, तर तो करार मधल्याने स्वतःच केला असे सामान्यतः गृहीत धरले जाते. म्हणजे ‘वस्तू माझीच आहे’ असे भासवून जाहिरात करणारी मुलगी गिऱ्हाइकाच्या साऱ्या तक्रारींची धनी होते. ‘मालकाच्या वतीने विकणे आहे’ हे शब्द लिहिणे प्रामाणिकपणाचे आहे आणि शहाणपणाचेही.

बोहारीण आणि भंगारवाला यांचे काय, ही शंका रास्त आहे. चांगली वस्तू मोबाइलवर गेली की त्यांच्या वाट्याला निव्वळ कचरा उरतो, आणि चांगल्या वस्तूंवरच त्यांची दिवसाची कमाई अवलंबून असते. नव्या श्रमिकाला जागा देताना जुन्याच्या पोटावर पाय येत असेल, तर त्याचा विचार चळवळीने करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि कचरा वेचणाऱ्या बायांना ओळखपत्रासह श्रमिक म्हणून मान मिळाला. पुढे त्यांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. ज्यांना समाजाने उकिरड्यावर बसविले होते त्या हिशेब लिहू लागल्या, दर ठरवू लागल्या. हा धडा आपल्यासमोर आहे.

त्यावरून उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील साथींसमोर एक लहानसा कार्यक्रम ठेवावासा वाटतो. प्रत्येक शहरात एखाद्या महिला बचत गटाने वा कार्यकर्त्यांच्या चमूने ‘वस्तू विक्री केंद्र’ चालवावे. त्यासाठी शाखेच्या खोलीतील एक कोपरा पुरेल. वस्तू घेताना दोन प्रतींत चिठ्ठी करावी. तीत मालकाचे नाव, वस्तूचे ज्ञात दोष, कमीत कमी किंमत, अडतीचा दर, मुदत, आणि न खपल्यास वस्तू कोणी व कोणाच्या खर्चाने परत न्यावयाची हे लिहावे. प्रत्यक्ष आलेली किंमत मालकाला दाखवावी, आणि पैसे खरेदीदाराकडून शक्यतो थेट मालकाच्या खात्यात जावेत. केंद्राने वा त्यातील कोणी वस्तू स्वतः घ्यावयाची झाल्यास तसे आधी सांगावे. अडतीचा दर वस्तूमागील श्रमांनुसार असावा. हजार रुपयांच्या खुर्चीला आणि वीस हजारांच्या लॅपटॉपला एकच टक्केवारी लावणे दोहोंपैकी एकावर अन्याय करते. जे विकण्याजोगे नाही ते ठरलेल्या भंगारवाल्याकडे व बोहारणीकडे जावे, आणि त्यांना केंद्राचे सभासद करून घ्यावे. वस्तूची पारख त्यांच्याइतकी कोणाला असणार? सुताराला, शिलाई यंत्र दुरुस्त करणाऱ्याला, विजेच्या उपकरणांच्या कारागिराला जोडून घेतले तर दोनशे रुपयांच्या दुरुस्तीने वस्तूची किंमत दुप्पट होऊ शकेल.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी सभासद अडचणीपोटी विकते आहे तिला गटाच्या बचतीतून महिनाभराची उचल मिळावी आणि ती विक्रीतून वळती करावी. तेवढ्याने तिला थांबण्याची ताकद येईल. थांबण्याची ताकद एकट्या गरिबापाशी नसते. ती संघटनेने निर्माण करावी लागते. संपनिधीमागचे तत्त्व हेच होते, आणि सहकारी पतपुरवठ्यामागचेही हेच होते. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याला दिशा देणारे धनंजयराव गाडगीळ सहकाराकडे दुर्बळांच्या सौदाशक्तीचे साधन म्हणून पाहत. त्या सहकाराचे पुढे काय झाले हे सांगून कोणी आम्हांला नाउमेद करू पाहील. सहकार जेथे सत्तेची शिडी झाला तेथे तो नासला, हे खरेच आहे. अडगळीच्या केंद्रावर चढून कोणी आमदार होईल असा संभव नाही, हे या योजनेचे मोठेच संरक्षण होय.

काही ज्येष्ठ साथी म्हणतील की, बेकारी, कंत्राटी पद्धत, घरांचे भाव हे प्रश्न सोडून जुनी कपाटे विकण्यात पक्षाने वेळ का दवडावा? त्यांना आमचे सांगणे असे की, हे प्रश्न सोडावयाचे नाहीतच. सुशिक्षित मुलीला तासाला ऐंशी रुपयांची अनिश्चित अडत हेच काम म्हणून पत्करावे लागते, हा व्यवस्थेवरचा आरोप आहे आणि तो आपण मोर्चातून मांडलाच पाहिजे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत मंचांवर काम करणाऱ्या श्रमिकांचा उल्लेख आला, त्याचा आपण पाठपुरावा करू. परंतु जिचा कोणी मालक नाही, जिला कोणी ओळखपत्र देत नाही, जी एकाच वेळी चार संकेतस्थळांवर शेजाऱ्यांच्या वस्तू विकते, तिच्यापर्यंत ते संरक्षण कसे पोहोचणार हा प्रश्न उभाच आहे. त्यासाठी आधी ती श्रमिक आहे हे आपण मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यापूर्वी हमालाचाही कोणी एक मालक नव्हता. ज्याला एक मालक नाही त्यालाही मंडळ, नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो हे या राज्याने करून दाखविले आहे. ज्यांनी हमालांना संघटित केले त्यांनी आधी हमालांच्या अड्ड्यावर जाऊन त्यांचा हिशेब समजून घेतला होता.

तेव्हा येत्या रविवारी आपल्या इमारतीतील, आपल्या चाळीतील अशी एक व्यक्ती शोधावी, तिच्याजवळ बसावे, आणि एका वस्तूमागे तिचे किती तास गेले, किती फोन आले, किती पैसे हातात पडले हे वहीत लिहून घ्यावे. कॅम्पमध्ये उतरलेल्या माणसांच्या हाती १९४९ साली काहीच नव्हते. विकावयास काय आहे आणि ते कोणाला हवे आहे, एवढ्या चौकशीतून त्यांनी शहर उभे केले. आपण निदान वही उघडावी. आमच्या घरचे जेवणाचे टेबल अजून विकावयाचे आहे. पहिल्या केंद्राला पहिली वस्तू म्हणून ते द्यावयास आम्ही तयार आहोत. एका पायाखाली पुठ्ठा लावावा लागतो, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे.